मासे आणि बदकं, दोन्हींना चालणारी होडी

मुलांनो, चुळबुळ थांबवा आणि नीट बसा. एका जंगलात एक कोल्हा राहत होता. तुम्ही म्हणाल, तो लबाड असणार. नव्हता. तो विचारी होता. लबाडीपेक्षा विचारीपणाने संसाराचं जास्त नुकसान होतं, पण ते तुम्हाला मोठेपणी कळेल.

कोल्ह्याचं नाव सावळाराम. बायकोचं नाव गोदाक्का. त्यांना तीन पिल्लं होती आणि तिन्ही कायम भुकेली असत. घरासमोर मोठं तळं होतं. तळ्यात मासे होते. थंडीत तिथे लांबलांबून बदकं उतरत. सावळाराम मात्र काठावरचे खेकडेच खाई, कारण त्याला पाण्याची भीती वाटे. तो तिला भीती म्हणत नसे. "माझा अजून अभ्यास चालू आहे," असं म्हणे.

थंडी जवळ आली. खेकडे बिळात जायला लागले. तेव्हा गोदाक्का म्हणाली, "अहो, औंदा थंडीत पोरांनी काय खायचं?"

"विचार करतोय."

"गेल्या थंडीतबी तुमचा विचारच खाल्ला त्यांनी. बदकं उतरतील त्या दिवशी घरात शिकार आली नाही, तर मी पोरं घेऊन माहेरी जाईन. न्यायला येऊ नका."

गोदाक्काची जीभ तिखट होती, पण ती आणि पिल्लं नसलेल्या घरात त्याला क्षणभरही राहवलं नसतं. त्याने ठरवलं, होडी घ्यायची. सकाळी बदकं धरायची, दुपारी मासे. मात्र होडी एकच, आणि तीही परवडणारी. घरात वाळवलेल्या खेकड्यांची एक टोपली होती. तेवढीच त्याची पुंजी.

तो आधी पाणमांजराकडे गेला. पाणमांजर होड्या बांधायचं.

"मासे धरायचेत ना? मग ही रुंद, जड होडी घे," पाणमांजर म्हणालं. "उभं राहून जाळं फेकलंस तरी हलायची नाही. एक टोपली खेकडे."

"आणि बदकं?"

"बदकांना ही पार पलीकडनं दिसंल. ती काय आंधळी आहेत?"

मग सावळाराम रानमांजराकडे गेला. तेही होड्या बांधायचं, पण लव्हाळ्यात लपून. त्याची होडी अरुंद, पाण्यालगत बसणारी, वरून गवताने झाकलेली होती.

"हिच्यात आडवं पडायचं आणि गप राहायचं," रानमांजर म्हणालं. "बदक आपणहून नाकावर येऊन बसतं. एक टोपली खेकडे."

"आणि जाळं टाकायला उभा राहिलो तर?"

"तर मासे तुला धरतील."

कोणताही साधा प्राणी या दोन्हींतली एक होडी घेऊन मोकळा झाला असता. सावळाराम विचारी होता. मासे घ्यावेत तर बदकं जातात, बदकं घ्यावीत तर मासे जातात. त्याने जंगलात ज्याला त्याला विचारलं. ज्यांनी जन्मात पाणी फक्त प्यायलं होतं, त्यांनी सगळ्यात सविस्तर सांगितलं. त्यात आणखी थंडी पडली.

शेवटी तो हंसाबाईच्या दुकानात गेला. नाव हंसाबाई असलं तरी ती बदकच होती. आईवडिलांची हौस, आपण काय बोलणार.

"बाई, मासे आणि बदकं, दोन्हींना चालेल अशी होडी आहे का?" सावळारामने विचारलं.

हंसाबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "कुठली बदकं?"

"ती बाहेरून येतात ती."

"आहे की," ती म्हणाली, आणि तिने एक काहील पुढे ओढली. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती भली थोरली लोखंडी कढई. पूर आला की नदीकाठची माणसं तिच्यात बसून पलीकडे जातात. जायचं दुसरं काही साधन नसलं की जातात.

"ही बदकांना दिसणार नाही ना?"

"काळी आहे. काळं कोणाच्या डोळ्यांत भरतं?"

"आणि माशांचं?"

"मासे शेवटी कढईतच जायचे असतात. तुमचं अर्धं काम झालेलंच आहे. अर्धी टोपली द्या."

अर्धी टोपली ऐकल्यावर सावळारामचा विचार एकदम पूर्ण झाला. जगातले बहुतेक विचार असेच पूर्ण होतात.

काहील घरी आली. तिला हळदकुंकू लागलं, हार पडला, लिंबू-मिरची बांधली गेली. सगळं जंगल बघायला आलं. नवी वस्तू घेतली की आल्यागेल्याचं तोंड गोड करतात. कोल्ह्यांत खारट करतात. उरलेली अर्धी टोपली त्यात संपली. गोदाक्काने रिकामी टोपली झटकून पालथी घातली.

"कितीला पडली रे सावळ्या?" अस्वलाने तोंड पुसत विचारलं.

"अर्धी टोपली."

"मला विचारायचंस. पाव टोपलीत आणून दिली असती."

मग सगळे म्हणाले, "पण छान आहे हो." दुसऱ्याच्या घरी खेकडा खाल्ल्यावर असंच म्हणतात.

त्याच दिवशी बदकं उतरली. सावळाराम डोळे मिटून काहिलीत बसला आणि त्याने वल्हं मारलं. काहील गोल फिरली. त्याने दुसऱ्या बाजूने मारलं. ती उलटी गोल फिरली. अशी फिरत फिरत ती तळ्याच्या मध्यावर गेली. बदकं उडाली नाहीत. त्यांनी इतक्या देशांत इतकी तळी पाहिली होती, पण असं काही पाहिलं नव्हतं. ती जवळ आली. पिल्लांनाही बोलावून आणलं.

एक लठ्ठ बदक अगदी हाताशी आलं. सावळारामला काठावरची गोदाक्का दिसली, पिल्लं दिसली, आणि त्याने भीती विसरून झेप घेतली. मुलांनो, त्या क्षणी तो खरंच शूर होता. पण त्याला भोवळ आलेली होती. त्याने उजवीकडच्या बदकावर डावीकडे झेप घेतली. काहील कलंडली, भरली आणि गडप झाली.

तो कसाबसा काठाला लागला. हाती काही नव्हतं. काठावर बघ्यांच्या पुढच्या रांगेत बसलेली हंसाबाई उठली. "हमी काठापर्यंतचीच होती," असं सांगून ती घरी गेली.

गोदाक्काने गाठोडं बांधलं. पिल्लांना पुढे घातलं. सावळारामला रडू आलं, पण तो आधीच ओला असल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

एवढ्यात अस्वल पुढे आलं. "मलाबी एक होडी घ्यायचीय," ते म्हणालं. "कुठली घेऊ?"

'कुठलीच घेऊ नकोस,' असं सावळाराम म्हणणार होता. तेवढ्यात त्याची नजर गाठोड्यावर गेली.

"असं उभ्या उभ्या सांगता येत नाही," तो म्हणाला. "तुझी गरज काय, ऐपत किती, सगळं बघावं लागेल. उद्या सकाळी ये. येताना चार मासे घेऊन ये."

गोदाक्काने गाठोडं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अस्वल मासे घेऊन आलं. त्याने सावळारामला वाकून रामराम केला आणि "पंत" म्हणायला सुरुवात केली. आधी होडी घेतलेला प्राणी जंगलात सावळाराम एकच होता, शिवाय बुडून आलेला. एवढा अनुभव दुसऱ्या कोणाकडे होता? हळूहळू रांग लागली. रानमांजर एक बदक घेऊन आलं. स्वतः बांधलेली होडी आपण वापरावी की नाही, याची त्याला शंका पडली होती. सावळाराम सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेई, बराच वेळ तळ्याकडे बघे आणि म्हणे, "तुमचं प्रकरण जरा वेगळं आहे. पुढच्या आठवड्यात या."

त्या थंडीत पिल्लं गुबगुबीत झाली.

एकदा अस्वल मासे ठेवून गेल्यावर गोदाक्का त्याच्याकडे बघत बसली. ते घोटाभर पाण्यात उभं होतं आणि नुसत्या पंजाने एकामागून एक मासे काठावर फेकत होतं.

"अहो," ती म्हणाली, "ह्याला होडी कशाला पाहिजे?"

"हळू बोल," सावळाराम म्हणाला. "त्याला ऐकू जाईल."

तात्पर्य : ज्याला मासे धरता येतात त्याने मासे धरावेत. ज्याला येत नाहीत त्याने होडी कुठली घ्यावी ते सांगावं. पोट या दुसऱ्याचंच आधी भरतं.