अठरा तासांचा दिवस

खानविलकर काकांच्या घरी दुपारी बाराला जायचं असेल, तर बेल वाजवायची नाही. टकटकसुद्धा करायची नाही. फोन करायचा. मग काका मोज्यांच्या पायांनी येऊन दार उघडतात आणि कुजबुजतात, "हळू. झोपल्यात."

झोपल्यात म्हणजे बेसमेंटमधली गांजाची चार झाडं.

दचकू नका. आमच्या व्हर्जिनियात घरटी चार झाडांची मुभा आहे, आणि नागरिक झाल्यापासून काकांना इथला कायदा तोंडपाठ आहे. प्रत्येक झाडाला मालकाचं नाव आणि ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर लिहिलेली चिठ्ठी लागते. काकांनी त्या लॅमिनेट करून काळ्या दोऱ्याने बांधल्यात. दृष्टही लागायला नको, असा दुहेरी विचार. औषधी फुलं मादी झाडालाच धरतात, म्हणून चौघीही मुली.

मी शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहते. मूळची नागपूरची, सध्या ग्रीन कार्डच्या रांगेत अकरा वर्षं उभी. केंद्र सरकारच्या लेखी गांजा अजून गुन्हाच, त्यामुळे व्हिसावरच्या बाईने त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. हे काकांना सांगितलं, तर त्यांनी बेसमेंटच्या जिन्यावर तिसऱ्या पायरीला पांढरी टेप चिकटवली. म्हणाले, "ही तुमची बॉर्डर. इथवर या."

त्या चौघींना मी कधी पाहिलेलं नाही. पण त्यांच्या तब्येतीची मला खडान् खडा माहिती असते. काकांनी खोलीतल्या सेन्सरचं ॲप माझ्या फोनवरही टाकून दिलंय. ऐन मीटिंगमध्ये फोन थरथरतो: आर्द्रता अठ्ठेचाळीस. मी मॅनेजरला "वन सेकंड" म्हणून काकांना मेसेज करते. काका धावत जाऊन वाफेचं यंत्र लावतात. नुसतं आर्द्रता बघणं गुन्ह्यात बसतं का, हे मी आमच्या वकिलीणबाईंना विचारलं होतं. त्यांनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला.

काकांनी कोकणातल्या एका खत कारखान्यात तीस वर्षं पाळ्या केल्या. बासष्टाव्या वर्षी लेकीमागे अमेरिकेत आले. पुढे लेक, मृणाल, नोकरीसाठी शिकागोला गेली आणि काका-काकू इथे हर्नडनमध्येच राहिले. खतांच्या बाटल्यांवरच्या इंग्रजी नावांचा काकांना तिटकारा आहे. "टॉनिक कसलं? जेवण म्हणा," हे त्यांचं ठरलेलं. नत्र म्हणजे रोजचा वरणभात. स्फुरद आणि पालाश म्हणजे पंगतीचं जेवण, ते फुलं धरायच्या वेळी. पानांची टोकं करपली, तर ते "अजीर्ण झालंय" म्हणतात आणि चौघींना दोन दिवस नुसत्या पाण्यावर ठेवतात.

सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच तिथे रात्र असते. काका कपाळाला हिरवा दिवा बांधून खाली उतरतात, कारण हिरवा उजेड झाडांना फारसा कळत नाही. मी एकदा नेटवर वाचून सांगितलं, की काका, या वयात त्यांना झोपेत साधा दिवा लागला तरी काही बिघडत नाही. काका म्हणाले, "बिघडत नसेल. पण झोपमोड कशाला करायची?"

माझं काम घरूनच असतं. हिवाळ्यात जेवण झालं, की मी त्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसायचे. बाहेर बर्फ, आणि खालून उबदार, ओलसर, उग्र वासाची हवा यायची. पंख्याने पानं सळसळायची. अंधारात तो हिरवा ठिपका एकीपाशी थांबायचा, मग दुसरीपाशी. मला पेंग यायची. पेंगेत मी कुठे असायचे कोण जाणे, पण हर्नडनमध्ये नक्की नसायचे. अमेरिकेतल्या माझ्या सगळ्यात सुखाच्या वेळा त्या पायरीवर गेल्या, हे मी वकिलीणबाईंना सांगितलेलं नाही.

हा सगळा खटाटोप खरं तर काकूंच्या गुडघ्यांसाठी. मृणालने फोनवर सहज म्हटलं, की इथल्या कितीतरी बायका दुखऱ्या सांध्यांना या फुलांचं मलम लावतात. विकतचं मलम काकांना चालेना, काय खाऊ घालून वाढवलंय कोणास ठाऊक! म्हणून घरीच झाडं लावली. त्याला दोन वर्षं झाली आणि एकही फूल आलं नाही.

कारण काका दिवस लहान करत नाहीत. रोज अठरा तास उजेड मिळाला, की या झाडाला वाटतं अजून उन्हाळा आहे, आपण लहान आहोत. बारा तासांवर आणला, की त्याला कळतं वेळ आली. मग ते फुलतं, आणि दोन महिन्यांत कापावं लागतं. दिव्याच्या टायमरचा एक काटा फिरवायचा, एवढंच काम. काका दर महिन्याला मुहूर्त काढायचे आणि मोडायचे. "अजून अंग धरलं नाही." "धाकटीला परवाच अजीर्ण झालं होतं." झाडं छताला टेकली, तर शेंडे खुडून टाकले, पण काटा काही फिरवला नाही.

काकू मोठ्याने हसायच्या. "माझे गुडघे जातील वर, पण ह्यांच्या पोरी वयात यायच्या नाहीत." या घरात काकू कधीच कुजबुजल्या नाहीत. त्यांच्या मते झाडांना कान नसतात.

मग या मार्चमध्ये काकूंना माडी चढवेना. सोफ्यावर झोपायला लागल्या आणि हसणं कमी झालं. मृणाल शिकागोहून आली ती तणतणतच. भर दुपारी बॅग टाकली आणि सरळ बेसमेंटमध्ये उतरली. काकूंनी मला तिच्यामागे पिटाळलं. मी टेपपाशी थांबले.

"टायमर कुठेय बाबा?" ती रागात होती, तरी आवाज खाली आला होता. त्या अंधारात कोणाचाही येतो.

"थांब गं," काका म्हणाले. "एकदा दिवस लहान केला, की भराभर मोठ्या होतात. मग काही हातात राहत नाही. तू कधी मोठी झालीस मला कळलंच नाही. पहिल्या पाळीला निघायचो तेव्हा तू झोपलेली, दुसरीहून यायचो तेव्हाही झोपलेली. तुला मी आडवीच पाहिली."



"मी जागी असायचे बाबा," मृणाल म्हणाली. "पहाटे तू दारात उभा राहायचास ना, मी डोळे मिटून घ्यायचे. जागी दिसले, की तू 'झोप झोप' म्हणून लगेच निघून जायचास. झोपलेली असले, की खूप वेळ थांबायचास."

हिरवा दिवा होता तिथेच राहिला. मी पाय न वाजवता वर आले, घरी गेले आणि पुढची मीटिंग कॅमेरा बंद ठेवून केली. माझी हालत काही बरी नव्हती.

रोज पाच वाजता खाली दिवा लागतो आणि माझ्या फोनवर पिवळं वर्तुळ येतं. त्या दिवशी पाच वाजले, साडेपाच वाजले, वर्तुळ आलंच नाही. मला वाटलं वायफाय गेलं. सहाला न राहवून काकूंना फोन लावला आणि विचारलं, "काकू, खाली सगळं ठीक आहे ना?"

"हळू बोल गं," काकू कुजबुजल्या. "आता रात्री अकरापर्यंत झोपायच्यात त्या. आणि हे बापलेक अजून खालीच आहेत. बोलतायत."