तांबड्या बटणाचा बंदोबस्त

यंत्राच्या बाबतीत अख्ख्या अमरावतीत माझा हात धरणारा कोणी नव्हता, असं माझं स्वतःचं मत होतं. लोकांच्या सायकली, स्टोव्ह, शिवणयंत्रं मी कोणी न सांगता उघडत असे. एकसष्ट साली मी एक जुना टेपरेकॉर्डर घेतला, तो मात्र हौसेखातर नाही. मला माझी आई हवी होती.

मी अंगावर पीत होतो तेव्हाच आई गेली. तिचा फोटो नाही. तिला जवळून पाहिलेली एकच बाई उरली होती, तेल्हाऱ्याची मनकर्णाआत्या. आई कशी होती विचारलं, तर "चांगली व्हती" एवढंच ती सांगायची. जात्याला हात लागला, की मात्र ओव्यांतून सगळं गोत बाहेर यायचं, तेही ओळीनं. आधी बुद्ध, मग बाबासाहेब, मग नदी, भाऊ, आणि शेवटी भावजय केशर, म्हणजे माझी आई. मधलं गाळून पुढं जायची सोय नव्हती.

उन्हाळ्यात आत्या आली. जातं मांडलं, यंत्र लावलं. ओव्या भावापर्यंत आल्या आणि ज्वारी संपली! महिनाअखेर होती, घरात तेवढीच होती. रिकामंच फिरव म्हटलं, तर आत्यानं मला वेड्यात काढलं. रिकामं जातं फिरवलं की घरात दळिद्र येतं म्हणे.

"केशर पुढच्या खेपेले," ती म्हणाली आणि पीठ झाडून उठली.

ते अर्धं रीळ मी जिवापाड जपू लागलो. पण मी घरी नसताना शेजारचा जानराव आला. त्याला स्वतःचा आवाज ऐकायचा होता. तांबडं बटण दाबलं की जुनं पुसलं जातं आणि नवं भरलं जातं, हे त्याच्या गावीही नव्हतं. नदीच्या ओवीवर त्यानं कापसाचा भाव सांगून ठेवला! मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. त्याला पत्ताही लागला नाही.

माझी बायको सुंदरा म्हणाली, पेटीला कुलूप लावा. पण कुलूप लावायला यंत्राचं ज्ञान कशाला लागतं? मी पकड घेतली आणि तांबड्या बटणाखालची पट्टीच कापून टाकली.

"अवो, मंग आपल्याले काई भरायचं असलं त?" सुंदरानं विचारलं.

आत्या यायच्या आधी पट्टी कथलाचा डाग देऊन जोडू, तासाभराचं काम, असं मी तिला ऐटीत सांगितलं.

आत्या न कळवता आली. येताना घरची ज्वारी घेऊन आली आणि चहासुद्धा न घेता जात्याशी बसली. मी आतल्या खोलीत डाग द्यायला धावलो. बाहेर बुद्ध झाले, बाबासाहेब झाले. डाग बसला आणि निखळला. नदी आली. पुन्हा निखळला. भाऊ आला तेव्हा माझी बोटं भाजली होती. आणि मग ऐकू आलं,

"केशर भावजय माही, भर उन्हात वेचते,
लेकराच्या तोंडावर आपली सावली धरते..."

हातातलं सगळं टाकून मी दारात येऊन बसलो. ते लेकरू मी होतो. पुढं बऱ्याच ओव्या झाल्या, पण मी इतका रडत होतो की त्यातलं धड काही लक्षात राहिलं नाही. कापूस वेचणीचे दिवस होते, तिला थांबता येईना. दुसऱ्या सकाळी आत्या तेल्हाऱ्याला परत गेली.

नागपूरहून नवी पट्टी मागवायला चार महिने गेले. ती बसवून, यंत्र काखोटीला मारून मी तेल्हाऱ्याला गेलो. आत्या फार खुशीत होती. गावात पिठाची चक्की आली होती.

"आता हात दुखत नाईत बापू," ती म्हणाली. जातं तिनं कधीच कोणाला तरी देऊन टाकलं होतं.

मी तिला जात्यावाचून तसंच म्हणायची गळ घातली आणि तांबडं बटण दाबलं. आत्यानं डोळे मिटले. हात मांडीवर गोल फिरवून पाहिला.

ते रीळ अजून माझ्याकडे आहे. आईचं नाव त्यात एकदाच येतं, आणि आवाज अगदी स्वच्छ आहे. "केशर नाई येत रे बापू. चाय मांडू का?"