पायलं का ऐकलं?

आमच्या गोठ्यात साप निघाला. गडी धावत ओसरीवर आला, "मालक, गोठ्यात साप हाये." आता दुसरा कोनी मानूस असता तं काठी घेऊन गोठ्याकडं पयाला असता. आमचे हे लिवत बसले होते. त्याईनं मानबी वर केली नाई. म्हनले, "पायलं का ऐकलं?"

गडी म्हने, "मालक, फुसफुस ऐकली."

"म्हंजे पायलं नाई. जाय, पाहून ये."

तो पाहून येईतो साप कुडाखालून कुठं गेला कोनाले ठाऊक. पुढं कितीक दिवस धार काढाले जाताना मी पाय आपटत जात होती. अन हे मले सांगतात, साप होता याले काई आधार नाई.

हा मानूस माहा नवरा. नाव इचारू नका, मी घेत नाई. त्याईनंबी माहं कदी घेतलं नाई. हाक मारायची तं "अवं, सदूची माय." सदू आमचा पोरगा.

ही खोड पयलेपासून नवती. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला, अन आमच्या पराटीले सोन्याचा भाव आला. अख्खं अकोलं येडं झालं. लोकाईनं बैलाच्या शिंगाईले चांदी लावली, बायाईनं गोठ-पाटल्या केल्या. अन आमच्या याईनं काय केलं? मुंबईच्या एका शेतकी सभेच्या मासिकासाठी कपाशीवर लेख लिवाले घेतला. वऱ्हाडी कापूस कसा पेरतात, कसा येचतात, सारं. माह्या हातात कथलाच्या बांगड्या त्या तशाच.

बरं, लेख लिवावा अन द्यावा धाडून. पन त्या सभेचे कायदे लय. लेखात सांगतलेल्या हरेक गोठीवर बारीक आकडा टाकायचा, अन लेखाच्या शेवटी त्या आकड्यापुढं लिवायचं की हे कोनी सांगतलं. त्याचं नाव, बापाचं नाव, गाव. सांगनाऱ्यानं सोता पायलं असन तं काळी शाई, नुसतं ऐकलं असन तं लाल. काळ्या शाईसाठी माही काजळाची डबी गेली. लाल शाईसाठी कुंकू गेलं. सवाष्न बाई कपाळाले लावाले डबी उघडते तं आत बोटभर कुंकू नाई. म्या म्हनलं, "माहं कुंकू कोनी नेलं?" तं हे काय म्हनाले असतीन, सांगा. "नेताना पायलं का?"

एकदा सारं लिवून धाडलं. पत्र आलं, नाव मांगून, गाव पयले पायजे. पुन्हा उतरून काढलं. मंग पत्र आलं, आकडा वाक्याच्या आंदी नाई, वाक्य सरल्यावर टाका. मुंबईच्या मानसाले खायाले भात हाये अन काम काई नाई, अशी माही खातरी झाली. पन याईले राग म्हनून नाई. नवा कागद घेतला, रेघा मारल्या, बसले. अन हर खेपेले सारी यादी मले वाचून दाखवत, मी भाकरी थापत असली तरी. "ऐक, चूक असन तं सांग."

त्या यादीत कोन नवतं? जुन्या शहरातला करीम गाडीवाला होता. "जुने शहर अकोला, करीम वल्द हुसेन, पाहिलेलं." तो तं आंगनात येऊन म्हने, "भाभी, अब तो हमारा नाम बंबई जायेगा." हिवरखेडचा गनपत होता. हा गनपत म्हंजे सकाळी जेवला असन तरी उपाशी हाये म्हनून सांगनारा मानूस. त्याचंबी नाव, त्याच्या बापाचं नाव, झोकात, लाल शाईत.

अन एक गोठ माही होती. ती अशी की सरकीच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून पायावा. आत गरम लागली तं ती सरकी पेरू नये, ती उगवत नाई. ही गोठ म्या याईले सांगतली होती. तिच्या आकड्यापुढं याईनं वाचलं, "घरून समजलं."

माहा हात परातीतच थांबला. म्या म्हनलं, "घर बोलते काय? चूल बोलली का भिंत बोलली?"

याईनं पुढचा आकडा वाचाले घेतला. बायकोचं नाव चारचौघात कसं लिवावं, हे मलेबी समजते. पन गनपत झोकात अन मी घर, हे काई माह्या गळ्याखाली उतरलं नाई.

मंग मुंबईचं पत्र आलंच. बिननावाचा आधार चालनार नाई. नाव द्या, नाईतर ती गोठ काढून टाका. म्या म्हनलं, "काढून टाका. पेरू द्या लोकाईले गरम सरकी." अन त्या दिवसापासून ताट पुढं ठेवलं, बोलली नाई. मले वाटलं, आता हे खरंच काढतीन.

एक दिवस हे चुलीपाशी येऊन बसले. म्हनले, "सरकीचं तुवा पायलं का ऐकलं?"

"पायलं. बापाच्या आंगनात, तिवशाले."

"कवा?"

"लगनाच्या आंदी."

हे उठून गेले. दिवे लागले तवा यादी घेऊन आले अन वाचाले लागले. करीम झाला, गनपत झाला. माहा आकडा आला.

"तिवसा. गोदी, किसनजीची लेक. पाहिलेलं."

लगनात तांदळाच्या ताटात माहं नाव लक्ष्मी लिवलं, तवापासून गोदी सरली होती. माहेरी एक बाप तेवढा त्या नावानं हाक मारे. तो गेल्यावर ते नाव घेनारं कोनी उरलं नवतं. अन हे म्हनतात, "सरकीत हात घातला तवा तू लक्ष्मी कुठं होती? ज्यानं पायलं त्याचंच नाव लागते."

मले वाचता येत नाई, पन शाई दिसते. सारी ओळ काळी, अन मधात एक शबुद लाल.

"हे लाल काय हाये?"

"तुहं नाव. ते म्या पायलेलं नाई, ऐकलेलं हाये."

"कोनाकडून?" म्या इचारलं. "आधार सांगा."

"तुह्या बापाकडून. पाठवनीच्या वक्ती तू गाडीत बसली, तवा त्यानं मांगून हाक मारली होती. गोदे म्हनून."

यादी याईच्या हातात तशीच होती, अन हे चुलीकडं पायत होते. माह्या डोळ्याले पानी आलं, हे खरं हाये. पन रागबी आला, अन तो अजून गेला नाई. इतक्या वर्साईचं ध्यानात होतं, तं घरात कोनी नसताना एकदा तरी मारायची होती हाक.