सासऱ्यांच्या गाडीला दोन टर्बो

साहेब, दोष तुमचा आहे. इकडेतिकडे बघू नका, दुसऱ्या कुणाला बोलत नाही. गाडी तपासणी कार्यालयात, तीन नंबरच्या खिडकीमागे, टेबलाखाली चपला काढून जे साहेब बसतात, त्यांनाच हे म्हणणं आहे. एका सरळ माणसाला तुम्ही भर आवारात, वीस जणांच्या देखत सांगितलंत, "ताकद वाढवा, नाहीतर भंगारात घाला." एवढं बोलून तुम्ही चहाला गेलात. तो माणूस मात्र त्या दिवसापासून खुर्चीवर धड टेकलेला नाही.

हा माणूस डक्टवाला. मोठ्या इमारतींच्या छतातून थंड हवा खेळवणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे असतात ना, ते बसवायचं त्याचं काम. गाडी त्याची नव्हतीच. ती त्याच्या सासऱ्यांची. सासरे एका कारखानदाराकडे सव्वीस वर्षं ड्रायव्हर होते. कारखाना बंद पडला, मालक दूरच्या गावी मुलाकडे राहायला गेले, आणि जाताना गाडी सासऱ्यांच्या नावावर करून गेले. लांबलचक, गडद निळी, आत कातड्याची आसनं, आणि इंजिन असं की तिच्या जाहिरातीत म्हणे विमान दाखवायचे. पण आता वय झालं होतं. तुमच्या आवारातल्या चढावर चार माणसं बसवून गाडी मधेच थांबवायची, पुन्हा सोडायची, आणि साहेबांनी तीस आकडे मोजायच्या आत माथा गाठायचा, असा तुमचा नियम. दोनदा ती अर्ध्यावर बसली. तिसऱ्यांदा बसली की भंगार. चौथी संधी नाही.

 सासरे रोज सकाळी एकदा गाडी पुसायचे, ते तीनदा पुसायला लागले. बायको पाणीपुरवठ्याच्या तक्रार केंद्रात फोन घ्यायची. दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकून तिला कमी शब्दांत बोलायची सवय लागलेली. ती म्हणाली, "गाडी गेली तर बाबा सकाळी उठतील कशासाठी?" हे ऐकलं आणि डक्टवाल्याचा उजवा पाय जो हलायला लागला, तो जेवतानासुद्धा थांबेना.

त्याच्या मनात आणखी एक काटा होता, तो त्याने बायकोलाही दाखवला नव्हता. चौदा वर्षांत सासऱ्यांनी त्याच्या कामाला काम म्हटलं नव्हतं. जावई काय करतात असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "हवेचा धंदा आहे." आणि मग इतका वेळ गप्प बसायचे, की विचारणाऱ्यालाच चोरी केल्यासारखं वाटायचं.

गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि टर्बो बसवा म्हणून सांगितलं. टर्बो म्हणजे गाडीच्याच धुराच्या झोताने फिरणारा पंखा; तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, इंधन जास्त जळतं, इंजिन जास्त ओढतं. मग त्याने खर्चाचा आकडा सांगितला. त्या आकड्यात दुसरी गाडी आली असती, वर तिला गॅरेज बांधून झालं असतं. डक्टवाला मात्र आकडा ऐकतच नव्हता. त्याच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता. हवा. हवा दाबायची, वळवायची, हवी तिथे न्यायची. अरे, हेच तर आपण वीस वर्षं करतोय.

दुसऱ्या दिवशी तो भंगारातून दोन टर्बो घेऊन आला. दोन्ही मालवाहू ट्रकांचे, एक दुधीभोपळ्याएवढा आणि एक नारळाएवढा. जोडी जमत नाही हे बायकोने पहिल्या नजरेत ओळखलं. तो म्हणाला, मोठा मोठं काम करेल, धाकटा धाकटं. ती म्हणाली, "तुमची तक्रार नोंदवली आहे," आणि कामावर गेली.

इंजिनाजवळ दोन टर्बो मावेनात. मग मोठा त्याने गाडीच्या पोटाखाली टांगला आणि तिथून हवा पुढे न्यायला गाडीच्या आतून, बसणाऱ्याच्या पायाशी, पत्र्याचा डक्ट घातला. काय डक्ट होता, साहेब! एक सांधा डोळ्याला दिसत नव्हता. वळणं अशी गोल की बोट फिरवत राहावं. सासरे स्टूल टाकून तासन्तास बघत बसायचे. मधेच हा स्क्रू इथे का, ती पट्टी कशासाठी, असं विचारायचे. चौदा वर्षांत दोघं मिळून बोलले नसतील एवढं त्या आठ दिवसांत बोलले.

नवव्या दिवशी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढून पाहिली. डक्टवाला स्टिअरिंगवर, शेजारी सासरे, मागे बायको. गल्लीच्या टोकापर्यंत सगळं ठीक होतं. मोठ्या रस्त्यावर त्याने पेडल दाबलं, पोटाखालून शिट्टी वाजली आणि तापलेल्या वाऱ्याचा लोट थेट गाडीत घुसला. सासऱ्यांची टोपी मागच्या काचेला चिकटली. बायकोचे केस उभे राहिले. तिघांचे डोळे मिटले, त्यातला एक गाडी चालवत होता. कशीबशी गाडी कडेला लागली तेव्हा कळलं की डक्टला पायाशी एक जाळी आहे. चांगली पाती बसवलेली, खोलीत हवा सोडायला असते तशी. कुणी बसवली? त्यानेच. वीस वर्षांत जाळीशिवाय डक्ट त्याच्या हातून गेलाच नव्हता. डोकं इंजिनाचा विचार करत होतं, हातांनी मात्र आपलं नेहमीचं काम करून टाकलं होतं.

सासऱ्यांनी टोपी शोधून डोक्यावर ठेवली. "हवा छान खेळते, जावईबापू," ते म्हणाले. "थोडी इंजिनालाही द्या."

जाळी काढली, भोक बुजवलं. आता हवेला बाहेर पडायला वाट नाही म्हणून डक्ट फुगला. चौकोनी होता तो गोल झाला, आणि चौकातल्या सिग्नलला असा फाटला, की पुढचा स्कूटरवाला गाडी टाकून पळाला. डक्टवाल्याने डक्टच्या जागी घरच्या व्हॅक्युम क्लीनरची नळी लावली. बायकोने विचारलं, आता घर कशाने झाडू. त्याला ऐकूच आलं नाही. ती नळी गरम होऊन वितळली आणि गाडीला असा वास सुटला की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. शेवटी गॅरेजवाल्याने दया येऊन ट्रकची जाड रबरी नळी दिली. हवा फार तापते म्हणून ती गार करायला जुन्या एसीची जाळी पुढे बांधली. त्यामुळे बॉनेट बंद होईना, मग ते पट्ट्याने आवळलं. एक दुखणं बरं केलं की त्याचा भाऊ हजर.

आणि एवढं करून? घरासमोरच्या चढावर गाडी आधी चढत नव्हती, तशीच आताही चढेना. फरक एवढाच, की आता शिट्टी वाजवत चढेना. गॅरेजवाला म्हणाला, हा टर्बो इंजिन जोरात फिरल्याशिवाय जागाच होत नाही. डक्टवाला म्हणाला, आणि इंजिन जोरात फिरवायलाच तर तो बसवलाय. 

तुमच्या आवारातल्या तिसऱ्या चाचणीचा दिवस उगवला. तुम्ही पुढे बसलात, साहेब, मांडीवर फॉर्म, हातात पेन. मागे सासरे आणि बायको. बॉनेटवरचा पट्टा बघून तुम्ही काही विचारलं नाही, खोटं कशाला बोला. चढाच्या मध्यावर तुम्ही गाडी थांबवायला लावलीत, मग "सोडा" म्हणालात आणि मोजायला लागलात. गाडी शिट्टी वाजवत जागेवर थरथरत राहिली. दहा. पंधरा.  एकवीसला तुम्ही पेनाचं टोपण काढलंत आणि मोजता मोजता 'भंगार' शब्दातला भ लिहायला घेतलात. मागून बायकोने बाबांचा हात धरला.

तेव्हा सासरे हळूच बोलले. "जावईबापू, पेडलखालचा ठोकळा काढा."

"कसला ठोकळा, मामा?"

"लाकडाचा. गालिच्याखाली आहे. मालकीणबाईंना वेग सोसत नसे. पेडल कधीच अर्ध्याखाली नेणार नाही, असा त्यांना शब्द दिला होता मी. नव्या गाडीला अर्धंही पुष्कळ व्हायचं."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"शब्द दिलेला होता." सासरे म्हणाले. "आणि तुम्ही इतकं सुंदर काम करत होतात. मध्येच कसं थांबवायचं?"

चौदा वर्षांनी आलेली ही वाहवा ऐकायला डक्टवाल्याकडे सहा आकडे उरले होते. त्याने हॅन्डब्रेक ओढला, वाकून गालिचा उचकटला, ठोकळा ओढून काढला, ब्रेक सोडला आणि पाय खाली दाबला. पेडल खाली गेलं, आणखी खाली गेलं, तळाला टेकलं. आधी धाकटा टर्बो जागा झाला, मग पोटाखालचा मोठा. तुम्ही अठ्ठावीस म्हणालात, साहेब, पण अठ्ठावीसचा वीस माथ्यावर ऐकू आला. तिथून गाडी पलीकडे उतरली, थांबायची पांढरी रेघ ओलांडली, फाटकातून बाहेर पडली आणि मोठ्या रस्त्याला लागली. तुमचा फॉर्म मागच्या सीटवर होता. तुम्ही दोन्ही हातांनी दार धरलं होतं. आणि तुम्ही हसत होता. नाही म्हणू नका, मागे दोन साक्षीदार होते.

परत आल्यावर तुमचा चेहरा पुन्हा सरकारी झाला. गाडी पास नाही, नापासही नाही, असं तुम्ही सांगितलंत. ताकद अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्यामुळे सखोल तपासणीसाठी ती कार्यालयाच्या ताब्यात राहील. चावी ठेवून जा.

याला आज सतरा दिवस झाले. बायको रोज तुमच्या कार्यालयात फोन लावते. तिची तक्रार नोंदवली आहे, असं तिकडून सांगतात. आणि गॅरेजवाला शपथेवर सांगतो, की रोज संध्याकाळी कार्यालय सुटलं की टेकडीच्या रस्त्यावरून शिट्टी ऐकू येते. निळी गाडी, बॉनेटवर पट्टा, स्टिअरिंगवर तुम्ही आणि शेजारी तुमच्या मिसेस. परवा म्हणे मागे तुमच्या सासूबाईही होत्या.

सासरे गाडी कधी येणार असं विचारत नाहीत. पुसायचं फडकं धुऊन वाळत घालतात आणि पायरीवर बसतात. काल त्यांनी डक्टवाल्याला शेजारी बसवून घेतलं आणि एकच विचारलं, पाय पार खालपर्यंत गेल्यावर आतून कसं वाटतं. डक्टवाल्याला सांगता येईना. 

म्हणून तुम्हाला विचारतोय, साहेब. तुम्हाला ते या सतरा संध्याकाळींत कळलंय. ज्या माणसाने दिलेल्या शब्दापायी सव्वीस वर्षं त्या गाडीचं पेडल अर्ध्यावर धरलं, त्याला ते एकदा, फक्त एकदा, तळापर्यंत दाबायला मिळणार आहे की नाही? हो की नाही ते सांगा. आणि हो असेल तर तारीख सांगा.