मुंबईचे साहेब झोपले आहेत

“अवो, हा पलंग कुठं चालला?” सत्यवतीबाईंनी विचारलं. पलंग आडवा होऊन दारातून बाहेर पडत होता आणि त्याचा पुढचा पाय धरून खुद्द त्यांचे यजमान होते.

“सदरच्या सरकारी खोलीत. अधिवेशनापुरता हाय ना वं.”

रुपराव सरकारी निवासांची व्यवस्था बघणाऱ्या कचेरीत कारकून. हिवाळी अधिवेशन आलं की मुंबईहून अर्धं सरकार नागपुरात उतरायचं, आणि त्याच्या गाद्या-बादल्यांची कामं कारकुनांत वाटायची असत. वाटायची कसली! देशकर साहेबांनी तोंड उघडायच्या आत रुपराव म्हणायचे, “होऊन जाते साहेब, मी पाहून घेतो.” झालं, बाकीचे चहाला मोकळे! यंदा त्यांनी अकरा खोल्या अंगावर घेतल्या, आणि मुंबईच्या एका बड्या साहेबांसाठी ठेवलेल्या अकराव्या खोलीला पलंगच उरला नाही.

“आन् डॉक्टर काय म्हने? प्रेशर एकशे नव्वद! तीन दिवस झोपून राहा, नाहीतं दवाखान्यात टाकतो. आता झोपता कायच्यावर?”

“अधिवेशन संपलं का झोपतो.”

“तवरिक तुमीच नाही रायले तं?” सत्यवतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रुपरावांनाही गलबलून आलं. पण ठेलेवाला खोळंबला होता. जाता जाता त्यांनी रजईसुद्धा उचलली.

अकराव्या खोलीत पलंग लागला. चादर ताणून झाली. गादी टोचते का म्हणून रुपराव कडेला टेकले. पलंग करकरतो का म्हणून आडवे झाले. रजई पुरते का म्हणून ती डोक्यावरून घेतली. पुरली.

तासाभरानं देशकर साहेब पाहणीला आले. रजईखालचा देह पाहून ते दारातच थबकले. मुंबईचे साहेब येऊन झोपलेसुद्धा! ते चवड्यांवर मागे सरले, शेजारची ठोकाठोक थांबवली आणि स्वतः दाराबाहेर स्टुलावर राखणीला बसले.

“एवढा मोठा माणूस आला, अन् हा रुपराव गायब काहून?” ते दबक्या आवाजात करवादले.

ज्यांची ही खोली, ते साहेब मुंबईतच अडकले होते. तशी तार सकाळी कचेरीत आली होती. पण ती रुपरावांच्या टेबलावर पडली होती, आणि त्यांच्या टेबलावरचा कागद उघडून काम अंगावर घ्यायची कुणाची तयारी होती!

दुपारी सत्यवतीबाई डबा घेऊन आल्या.

“हळू, बाई!” देशकर साहेब कुजबुजले. “मुंबईचे साहेब झोपले आहेत.”

आतून घोरणं ऐकू आलं. आधी शिट्टी, मग शांतता, मग दोन आचके. बावीस वर्षं सत्यवतीबाईंनी याच आवाजाशेजारी काढली होती. त्यांनी पदर तोंडाला लावला.

“लय थकले दिसते बिचारे. उठवू नका जी.”

“छे छे, माझी काय हिंमत! पण तुमचे मिस्टर कुठं आहेत? अकरा खोल्या अडून राहिल्या ना!”

“ते तीन दिवस नाही येत. डॉक्टरचा हुकूम हाय. खोल्या वाटून द्या दुसऱ्याइले.”

आतल्या घोरण्याकडे एक भेदरलेली नजर टाकून साहेबांनी खिशातून यादी काढली आणि चहाला गेलेल्या कारकुनांची नावं लिहायला घेतली.

“आन् हे घ्या,” सत्यवतीबाईंनी डबा पुढे केला. “साहेब उठले का गरम करून वाढा. मीठ नाही टाकलं. मोठ्या माणसाइले प्रेशर राहतेच.”

देशकर साहेबांनी उठून दोन्ही हातांनी डबा घेतला.