डिझेल खाणारे जंतू

इंजिनात डिझेल ओतताना लालासाहेबांच्या हातून कॅन निसटला आणि थेट विहिरीत गेला. बघता बघता पाण्यावर रंगीत तवंग पसरला. तासगावजवळच्या त्यांच्या द्राक्षबागेला दुसरं पाणी नव्हतं, आणि घड तर भरात आलेले.

त्यांची लेक साक्षी सांगलीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. वरचं डिझेल तिनं कापडांनी टिपून काढायला लावलं आणि सरांना विचारून आणलेले जंतू विहिरीत सोडले.

“उरलेलं डिझेल हे खातील, आबा. थोडे दिवस लागतील.”

“डिझेल खात्यात?” लालासाहेबांची बायको मनुबाई विहिरीपासून दोन पावलं मागं सरकली.

बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या भूपालनं ट्रॅक्टरला चावी मारली, तर टाकी कोरडी ठणठणीत! तो धावतच विहिरीवर आला.

“लालासाहेब, तुमच्या जंतूंनी माझी भरलेली टाकी खाल्ली!”

“काका, ते पाण्यात राहतात. बांध ओलांडून कसे येतील?” साक्षी म्हणाली.

“भूक लागल्यावर कोन बांध बघतंय?”

“आणि टाकीचं झाकण?”

“खाऊन झाल्यावर लावलं आसंल!”

जमलेल्या लोकांनी भराभर आपापल्या मोटारसायकली लांब नेल्या. कोंडीबानं तर जंतूंना चाहूल लागू नये म्हणून ढकलतच नेली.

भूपाल घरी गेला आणि ब्लीचिंग पावडरीचं पोतं खांद्यावर टाकून परतला. साक्षीचा चेहराच उतरला. “काका, जंतू मरतील, डिझेल तसंच राहील, आणि हे पाणी बागेला गेलं तर बागही जाईल!”

लालासाहेब हात पसरून आडवे आले. “भूपाल, पोतं खाली ठेव!”

“सरका!”

“आवं, थांबा!” मागून भूपालची बायको शालन ओरडली. “डिझेल मीच संपवलं.”

भूपालचे डोळे पांढरे झाले. “प्यालीस?”

“ट्रॅक्टर चालवून! तुमी सांगलीला गेला की शिकत हुते. काल वरच्या रानात नांगर बी धरला.”

पोतं भूपालच्या खांद्यावरून घसरून त्याच्याच पायावर आदळलं. तो ओरडलासुद्धा नाही. लालासाहेबांना मात्र हसू आवरेना.

“गड्या, बायकू ट्रॅक्टर चालवती आन् तुला पत्ता न्हाई?”

भूपालनं कसाबसा आवाज काढला. “पन… शिकवलं कुनी तुला?”

शालननं मनुबाईकडं बघितलं. लालासाहेबांचं हसू जागच्या जागी थिजलं.

मनुबाईनं पदर नीट केला. “मागं घेताना आजून चुकती,” ती म्हणाली, “बाकी हात बरा हाय तिचा.”