उतारावरील तेलपाहणीची हकीकत

जिन्यात खेळणाऱ्या बालमंडळींनी आम्हांस चहूंकडून वेढा देऊन हुकूम केला, की पहिल्या मजल्यावरच्या नव्या गाडीचे तेल ज्या दिवशी पाहिले, त्या दिवशी नेमके काय जाहले ते खरे खरे सांगावे, पदरचे घालू नये. हुकूम मोठा. तो शिरी धरून, जे घडले तितुके लिहितो. यात मोहीम आहे, पाठलाग आहे, तह आहे, आणि अधेमधे थोडे शहाणपणही आहे, परंतु ते कडू नाही, तरी मुलांनी पळून जाऊ नये.

ऐसियासी, पहिल्या मजल्याचे धनी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांस पुढे खासे म्हटले आहे. त्यांच्या कन्येने नकाशे काढण्याच्या कचेरीत सहा वर्षे चाकरी करून राखाडी रंगाची नवी गाडी दारी आणिली, आणि नऊ दिवस जाहले तरी आसनांवरचे प्लास्टिक खाशांनी उतरू दिले नव्हते. घरच्या बाईसाहेब तीस वर्षे इस्पितळात परिचारिका होत्या, आणि मोठमोठे डॉक्टर त्यांस वचकून असत. बाईसाहेबांच्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचे ऑपरेशन जाहले होते, तिचे गाव घाटापलीकडे चार तासांवर, आणि बेत ऐसा ठरला की कन्येने आईस गाडीतून तेथे पोचवावे आणि बाईसाहेबांनी चार दिवस बहिणीपाशी मुक्काम करावा. बाईसाहेबांनी आठ दिवस आधीच बॅग भरून दारामागे सज्ज ठेविली होती.

मग कूच करण्याचे सकाळी खाशांनी अकस्मात फर्मान काढिले, की तेल पाहिल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही.

कन्या म्हणाली, "बाबा, नऊ दिवसांची गाडी आहे. शोरूममध्ये सगळं बघून दिलंय."

"शोरूमवाल्याला काय जातंय! त्याची बायको चाललीय का घाटातून?"

आता खाशांच्या पोटातली गोष्ट अशी, की चौतीस वर्षांत बाईसाहेबांवाचून चार दिवस त्यांनी कधी काढिले नव्हते. चहाचे भांडे कोणते आणि दुधाचे कोणते, याची माहिती त्यांस नव्हती, आणि ती नाही हे सांगावयाची सोयही नव्हती. म्हणून तेलाचा मुद्दा पुढे केला. दप्तरी ऐसी नोंद नाही, परंतु बाईसाहेबांस सर्व ठाऊक होते. त्या बॅग उचलून खाली उतरल्या आणि पायरीवर बसल्या.

मग कन्या पेट्रोल भरून, चाकांत हवा घालून आली, आणि फाटकासमोर जो रस्ता दुकानांकडे उतरतो, त्या उतारावर गाडी उभी करून तिने इंजिन बंद केले. तो खासे कुमक घेऊन तयारच होते. एक लिटर तेलाचा डबा, एक नरसाळे, भर उन्हात एक बॅटरी, आणि शेजारचे काका. या काकांस सारी इमारत सर्वज्ञ म्हणत असे. त्यांची जुनी गाडी विकून अकरा वर्षे जाहली, तरी गाड्यांच्या जाणकारीचा दरारा त्यांनी अद्याप राखिला होता.

प्रथम बॉनेट उघडावयाचे. खाशांनी आसनाखाली हात घालून एक खटका ओढिला, तो पेट्रोलचे झाकण उघडले. दुसरा ओढिला, तो आसनासहित खासेच मागे गेले. मग कन्येने निमूटपणे तिसरा खटका ओढिला आणि बॉनेट टक करोन एक बोट वर आले. सर्वज्ञांनी त्या फटीत बोटे घालून आतली कडी हुडकिली, आणि दरवाजा सर जाहला.

आत इंजिनाच्या कुशीत पिवळ्या कडीची बारीक सळई असते. तिचे टोक खाली तेलात बुडालेले, आणि टोकापाशी दोन खुणा. तेल या दोहोंच्या मध्ये असले म्हणजे मुलूख आबाद. खाशांनी कडी धरून सळई तत्काळ उपसली आणि चष्मा कपाळावर सारून पाहिले, तो तेलाचे ओघळ भलतीकडेच, आणि टोकाशी तेल खालच्या खुणेच्याही खाली.

"बघा! मी म्हणत नव्हतो? कोरडं आहे कोरडं!"

सर्वज्ञांनी मसलत दिली, "ओता. आख्खा डबा ओता. तेल जास्त झालं म्हणून कुठली गाडी मेलीय?"

कन्येने अर्ज केला की गाडीसोबत पुस्तिका आली आहे, ती पाहावी. सर्वज्ञ म्हणाले, "अगं बाई, पुस्तिका नवशिक्यांसाठी असते." आणि खाशांनी दुसरे फर्मान काढिले, की डबा ओतावा, गाडी आठ दिवस नजरेखाली ठेवावी, आणि प्रवास तूर्त तहकूब.

हे ऐकताच बाईसाहेबांनी बॅगेचा पट्टा मुठीत आवळिला. पलीकडे बहीण खिडकीशी खुर्ची टाकून बसली असेल, हे त्यांस दिसत होते. परंतु त्या उठल्या नाहीत.

मग खाशांनी डब्याचे झाकण फिरवून काढिले, ते तेलकट बोटांतून निसटले, भुईवर पडले, कडेवर उभे राहिले, आणि घरंगळत उताराने निघाले. सर्वज्ञ "धरा, धरा" ऐसे ओरडत मागे धावले. झाकण पुढे, सर्वज्ञ मागे, सपाता त्याहून मागे. शिंप्याच्या दुकानापाशी झाकणास वेढा घालून ते हस्तगत केले, आणि धापा टाकीत माघारी आले, तो त्यांच्या पांढऱ्या शर्टावर छातीशी तेलाचा टिळा उमटला होता.

तेव्हा बाईसाहेब उठल्या.

"काका, बसा इथे पायरीवर. आत्ता तुमचं बीपी घेतलं तर किती येईल?"

"आत्ता? छे हो वहिनी, धावून आलोय मी. भलतंच काहीतरी येईल."

"मग या गाडीनं काय पाप केलंय? आत्ताच धावून आलीय ती. वर उतारावर वाकडी उभी. आणि अहो, ज्या जमिनीवरून झाकण पळून जातं, तिथं आतलं तेल काय सरळ राहील? एका अंगाला गेलं असेल. आणि सळई पुसली कुठे तुम्ही? तीस वर्षं थर्मामीटर झटकल्याशिवाय मी कुणाला लावला नाही."

सर्वज्ञ पायरीवर टेकले. खासे नरसाळे हाती धरून उभे. बाईसाहेबांनी डबा काढून घेऊन त्यावर झाकण घट्ट बसविले, आणि मोहिमेची सूत्रे हाती घेतली.

मग गाडी उतारावरून काढून इमारतीच्या मागल्या फरशीवर आणिली. बाईसाहेबांनी तेच झाकण काढून कडेवर उभे केले. ते जागचे हलले नाही. जमीन सपाट ठरली. मग इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावयाचे, कारण इंजिन चालते तेव्हा तेल वर सर्व सांध्यांतून हिंडत असते, आणि खाली आपल्या टाकीत परतावयास त्यास वेळ लागतो. ही दहा मिनिटे साऱ्या मोहिमेत अवघड गेली. खाशांनी घड्याळ सतरा वेळा पाहिले. त्या अवकाशात कन्येने पुस्तिका उघडून मोठ्याने वाचिले, की गाडी सपाट जागी असावी, इंजिन बंद करून थांबावे, सळई पुसावी, पूर्ण आत घालावी, मग पुन्हा काढून पाहावे. तेल वरच्या खुणेपलीकडे भरू नये, भरल्यास आत फेस होतो आणि फेसाने इंजिनाचे रक्षण होत नाही.

"आई, तू वाचलीस ही?"

"मी कशाला वाचू? माणसांसारखंच आहे की सगळं."

मग खाशांनी सळई काढिली, आणि पाहण्याचा मोह आवरून, जुन्या चादरीच्या स्वच्छ फडक्याने पुसली. मग ती पुन्हा टोकापर्यंत आत बसविली. एक श्वास थांबले. मग काढून आडवी धरिली. तेल मधासारखे, स्वच्छ, वरच्या खुणेच्या किंचित खाली. एक थेंबही कमी नव्हता.

सर्वज्ञ म्हणाले, "मी सुरुवातीपासून हेच सांगत होतो." सर्वांनी त्यांच्या शर्टावरच्या टिळ्याकडे पाहिले.

आता खाशांपाशी मुद्दा उरला नाही. त्यांनी बॅग स्वहस्ते डिकीत ठेविली, दोनदा सरळ केली, आणि बाईसाहेबांनी गाडीत बसता बसता काच खाली करून फर्माविले, "बीपीचं मशीन टेबलावर आहे. रोज सकाळी. चहाचं भांडं निळ्या दांड्याचं." गाडीने फाटक ओलांडिले आणि उताराने दिसेनाशी जाहली.

खासे वर गेले. जिना चढताच यंत्राचा पट्टा दंडास बांधावयास घेतला, आणि थबकले. मग पट्टा खाली ठेवून खुर्चीवर, पाय भुईस टेकून, पाच मिनिटे गप्प बसले. बोलावयास कोणी नव्हतेही. मग पट्टा बांधून आकडा पाहिला आणि कागदावर लिहिला.

दोन प्रहरी फोन आला.

"पोचलो आम्ही. ही खिडकीतच बसली होती. बीपी घेतलंत?"

"घेतलं. दोन खुणांच्या मध्ये आहे."

"जिना चढून लगेच?"

"नाही. पाच मिनिटं थांबून. खुर्चीसुद्धा सपाट जमिनीवर होती."

पलीकडून दोघी बहिणींचे हसणे ऐकू आले. ते सरेपर्यंत खासे थांबले, आणि मग म्हणाले, "चारऐवजी पाच दिवस राहिलीस तरी चालेल. भांडं सापडलंय."

येणेप्रमाणे उतारावरील मोहीम फत्ते जाहली. मनुष्यहानी नाही, एक शर्ट कामी आला. तेलाचा डबा भरला तसाच फडताळात परत गेला. मुलांनी पुसिले ते सांगितले, अधिक लिहावयास शाई उरली नाही. दौतीचे झाकण सपाट जागी ठेविले आहे.